शेड्यूल निम्मं केलं की समोर काय अडकतं

परचेसमध्ये मी बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे मी ऑर्डर देणाऱ्याच्या बाजूने बोलतोय हे आधीच सांगतो. आपण तीन महिन्यांचा फोरकास्ट, म्हणजे पुढे किती माल लागेल याचा अंदाज, पाठवतो, आपल्यासाठी तो एक्सेलमधला आकडा असतो, पण व्हेंडर, म्हणजे माल बनवून देणारा, त्याच आकड्यावर कच्चा माल मागवतो, माणसं धरून ठेवतो, मशीन दुसऱ्या कोणाला देत नाही. आणि मग शुक्रवारी संध्याकाळी आपला मेल जातो, शेड्यूल निम्मं केलंय, कृपया नोंद घ्यावी. म्हणजे सांगितलेल्यातला अर्धाच माल घेणार. असा मेल मी टाकलाय. सोमवारी त्याच्याकडे गेलो तर भिंतीला लागून रॉडचे गठ्ठे रचलेले, त्यावर आमच्या कंपनीच्या नावाच्या चिठ्ठ्या, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. तो काहीच बोलला नाही. पण पुढे आमचा फोरकास्ट तो अर्धाच धरायला लागला आणि खरी गरज पडली तेव्हा माल नव्हता. त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

२०२० मध्ये हेच जगभर झालं. साथीत गाड्यांची विक्री पडली, कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी पटापट कॅन्सल केल्या, आणि लॅपटॉप वगैरेची मागणी वाढलेलीच होती, त्यामुळे चिप कारखान्यांची कपॅसिटी तिकडे गेली. काही महिन्यांत गाड्यांना गिऱ्हाईक परत आलं, पण चिप हातात पडायला कित्येक महिने लागतात, आणि सोडलेली जागा आपल्यासाठी कोण राखून ठेवणार? २०२१ मध्ये कार कंपन्यांवर लाईनी बंद ठेवायची वेळ आली.

याच्या उलट गोष्ट सांगतो, माझ्या फार जवळची आहे. १ फेब्रुवारी १९९७, शनिवार, पहाटे जपानमध्ये कारिया गावी टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या आयसिन सेकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह, मुठीत मावेल एवढा पार्ट, टोयोटाला लागणारे जवळपास सगळे तिथेच बनायचे. (एकाच कारखान्यावर इतकं विसंबणं मला चूकच वाटते.) स्टॉक जेमतेम, टोयोटाच्या लाईनी थांबल्या. आयसिनने ड्रॉइंग देऊन टाकली आणि साठेक कंपन्या तो व्हॉल्व्ह बनवायला बसल्या. त्यात शिलाई मशीनवाली ब्रदरही होती, गाडीचा पार्ट कधी न केलेली, आणि त्यांनी मिलिंग मशीन त्यासाठी बदलायला शेकडो तास घातले, कशासाठी तर दिवसाला चाळीसेक व्हॉल्व्ह! रेट ठरवत कोणी बसलं नाही. आठवडाभरात गाडी रुळावर यायला लागली. नंतर आयसिनने खर्च भरून दिला, आणि टोयोटानेही आपल्या थेट सप्लायरना वर पैसे दिले.

रेट न विचारता काम हातात घ्यायचं हे त्या शनिवारी कोणाला सुचलेलं नाही हो, आपलं नुकसान होऊ देणार नाहीत हे त्यांना वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून माहीत होतं.

आम्ही पुढे एवढंच केलं की पहिले चार आठवडे शेड्यूल फ्रीज, म्हणजे एकदा दिलं की पक्कं, त्यात आम्ही बदल केला तर आणलेल्या मालाचे पैसे आमचे. अकाउंट्सशी खूप भांडावं लागलं. वर्षभराने त्याच व्हेंडरचा स्वतःहून फोन आला, साहेब, एका मशीनचं स्पिंडल गेलंय, पुढच्या महिन्याचा पहिला लॉट आठ दिवस उशिरा निघेल. तीन आठवडे आधी कळलं आम्हाला. आधी असं काही असलं की ट्रक आला नाही, तेव्हाच कळायचं.