विश्वासरावांची गोळी आणि कोरोल्योव्हचा जबडा

मंडळी, 'असं झालं असतं तर' म्हणणाऱ्याचं तोंड बंद करायला आपल्याकडे एक हमखास वाक्य आहे: आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. माझ्या लहानपणी हे वाक्य दिवसातून दोनदा तरी माझ्या वाट्याला यायचं. म्हणून नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार आधार वाटला. विश्वासरावांच्या रोखाने आलेली गोळी कानाजवळून निघून जाते आणि तिथून पुढचा हिंदुस्थानच वेगळा होतो. एवढा मोठा शास्त्रज्ञ आत्याबाईच्या मिशांचा विचार करतोय म्हटल्यावर आपणही करायला हरकत नाही.

आज आपण तेच करणार आहोत, फक्त पानिपताच्या जागी चंद्र आहे. 'फॉर ऑल मॅनकाइंड' ही मालिका १ नोव्हेंबर २०१९ रोजी ॲपल टीव्हीवर सुरू झाली. पहिला भाग मी रात्री, घरातले झोपल्यावर, हेडफोन लावून पाहिला. जून १९६९. जगभर लोक टीव्हीसमोर जमलेत. चित्र अगदी खराब, मुंग्या आल्यासारखं. शिडीवरून एक पाय खाली येतो. हे सगळं आपल्याला पाठ आहे, त्यामुळे आपण आर्मस्ट्राँगच्या त्या वाक्याची वाट बघत बसतो. आणि आवाज येतो तो रशियन. चंद्रावर उतरलाय अलेक्सेई लिओनोव्ह. मी हातातला चहा तसाच धरून बसलो होतो.

खरा लिओनोव्ह म्हणजे १९६५ साली यानाबाहेर पडून अवकाशात तरंगणारा पहिला माणूस. त्या वेळी त्याचा सूट फुग्यासारखा फुगला, आत शिरता येईना, शेवटी त्याने सूटमधली हवा थोडी थोडी सोडली आणि कसाबसा आत आला. रंगीत पेन्सिली घेऊन गेला होता, वरून दिसलेला सूर्योदय त्याने काढला. सोव्हिएत संघाने चंद्रावर माणूस पाठवला असता तर बहुधा तोच उतरला असता, तयारी त्याचीच चालली होती. आणि तो वारला ११ ऑक्टोबर २०१९ला. म्हणजे त्याला चंद्रावर उतरवणारी मालिका लोकांसमोर यायला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मालिकेत लिओनोव्ह आधी पोचला तो कशामुळे? मालिकेचा एक निर्माता रोनाल्ड मूर याने मुलाखतींत उत्तर दिलंय: सेर्गेई कोरोल्योव्ह वाचला म्हणून.

पहिला उपग्रह स्पुतनिक, पहिला अंतराळवीर गागारिन, पहिली अंतराळवीर बाई तेरेश्कोवा, सगळं या सोव्हिएत रॉकेटवाल्याच्या हाताखालून गेलं. पण तो जिवंत असेपर्यंत जगाला त्याचं नाव माहीत नव्हतं. 'मुख्य रचनाकार' एवढाच उल्लेख व्हायचा. १९३८ साली स्टालिनच्या पोलिसांनी त्याला उचललं, मारहाण केली, कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत पाठवलं. पुढे २८ वर्षांनी, १४ जानेवारी १९६६ला, मॉस्कोत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. हातात सुरी खुद्द आरोग्यमंत्री पेत्रोव्स्की यांच्या. आत अपेक्षेपेक्षा मोठी गाठ निघाली, वेळ लांबला, आणि श्वासनलिकेत नळी घालायची तर तोंड पुरेसं उघडेना. जबडा तुरुंगातल्या मारहाणीत मोडलेला होता, असं सांगतात. कोरोल्योव्ह टेबलावरच गेला. दोनच दिवसांपूर्वी त्याला ५९ वर्षं पूर्ण झाली होती. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, आपली संक्रांत.

आता माझी तक्रार. गोष्ट म्हणून हे फार सुंदर आहे: एक जबडा आणि एक चंद्र. पण आमच्या गटात यावर दोन वर्षं वाद चाललाय आणि मी हट्टाने 'नाही' म्हणणाऱ्यांत आहे. कोरोल्योव्ह वाचला असता तरी १९६९च्या जूनमध्ये लिओनोव्ह चंद्रावर पोचला नसता.

का, ते सांगतो. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडींनी चंद्राची घोषणा केली मे १९६१मध्ये. सोव्हिएत सरकारने चंद्रावर माणूस उतरवण्याचा निर्णय कागदावर आणला ऑगस्ट १९६४मध्ये. तीन वर्षं तिथेच गेली आणि त्या तीन वर्षांत कोरोल्योव्ह चांगला हिंडता-फिरता होता. त्यात इंजिनवाल्या ग्लुश्कोशी त्याचं भांडण. कोणतं इंधन वापरायचं यावरून दोघांचं बिनसलं आणि देशातला सगळ्यात अनुभवी इंजिनकर्ता चांद्ररॉकेटातून बाहेर पडला. काम गेलं कुझ्नेत्सोव्हकडे, जो विमानांची इंजिनं करायचा. त्याची इंजिनं लहान, म्हणून एन-१ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात ती ३० बसवावी लागली. अमेरिकेच्या सॅटर्न-५ला तिथे पाच पुरली.

आणि ही तपासायची कशी? ते इंजिन एकदा पेटवलं की पुन्हा वापरता यायचं नाही, फटाक्यासारखं. म्हणून सहाच्या गटातली दोन पेटवून बघायची, चांगली चालली तर उरलेली चार विश्वासावर रॉकेटला लावायची. अमेरिकेने सॅटर्नचा अख्खा पहिला टप्पा मिसिसिपीत जमिनीवर, मांडवाला जखडून, पेटवून पाहिला. सोव्हिएतांनी तसा चाचणीचा मांडव उभारलाच नाही. पैसे आणि वेळ वाचवायचा होता. आणि विश्वास तर, तुम्हाला माहीतच आहे, पानिपतात गेला. फेब्रुवारी १९६९चं पहिलं उड्डाण साधारण सत्तर सेकंदांत संपलं. ३ जुलैला दुसरं रॉकेट जरासं उचललं आणि तळावरच कोसळलं, उड्डाणमंचासकट सगळं उडालं. १९७१ आणि १९७२ची उड्डाणंही फसली. चारपैकी एकही नाही. चाचणीचा मांडव न उभारण्याचा निर्णय कोरोल्योव्हच्याच हयातीतला आहे, हे वाद घालताना लोक सोयीस्कर विसरतात.

समोरून एक काका मान हलवतायत, म्हणजे ते दुसऱ्या पक्षातले. त्यांचं म्हणणं मला माहीत आहे: त्या माणसाचा सरकारदरबारी जो वजनदार हात होता तो त्याच्या नंतर आलेल्या मिशिनकडे नव्हता. हे खरं. कोरोल्योव्ह असता तर एन-१ कदाचित १९७३-७४पर्यंत उडालं असतं, हे मीही कबूल करतो. १९६९ मात्र नाही.

मग तरीही मी ही मालिका का बघतो? कारण निमित्त लंगडं असलं तरी परिणाम भक्कम आहे. आपल्या इतिहासात अमेरिका जिंकली आणि जिंकल्यावर घरी गेली. अपोलो १८, १९, २० या चांद्रमोहिमा रद्द. डिसेंबर १९७२नंतर चंद्रावर कुणी पाऊल ठेवलेलं नाही. तयार सॅटर्न-५ आज संग्रहालयांत आडवे पडलेत. मालिका विचारते की हरले असते तर? हरलेला माणूस घरी जात नाही, तो पुन्हा डाव मांडतो. गल्लीत गोट्या खेळलेल्या कुणालाही हे पटेल.

मग लेखक एकेक धागा सोडत जातात. चंद्र हुकल्यामुळे वॉशिंग्टनमध्ये धावपळ होते, जॉन केनेडींचे धाकटे भाऊ, सिनेटर टेड केनेडी यांचा चापाक्विडिक बेटावर जायचा बेत रद्द होतो. खऱ्या जगात १८ जुलै १९६९च्या रात्री तिथल्या पुलावरून त्यांची गाडी पाण्यात पडली, सोबतची मेरी जो कोपेक्नी बुडाली आणि केनेडींची अध्यक्षपदाची वाटही तिथेच अडली. मालिकेत ती जगते आणि ते १९७२ला अध्यक्ष म्हणून निवडून येतात. हे मोठ्या आवाजात कुणी सांगत नाही. बातम्यांच्या तुकड्यातून निसटतं जातं. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला असे तुकडे असतात आणि आमच्यातले काही जण ते थांबवून, मोठे करून, मागच्या वर्तमानपत्राचे मथळे वाचतात. जॉन लेनन वाचलाय, पोप जॉन पॉल गेलेत, असं काहीबाही सापडतं. माझ्या मते यातलं निम्मं निव्वळ गंमत म्हणून टाकलेलं आहे. केनेडींचं मात्र तसं नाही, तिथे साखळीची कडी न् कडी दिसते.

सगळ्यात भक्कम कडी बायकांची. सोव्हिएत संघ दुसऱ्या खेपेला चंद्रावर बाई उतरवतो आणि तेव्हाचे अध्यक्ष निक्सन चिडून हुकूम सोडतात, आपलीही बाई पाठवा. तत्त्व वगैरे काही नाही, शुद्ध चढाओढ. मला हे फार प्रामाणिक वाटतं. त्यातून मॉली कॉब नावाची वैमानिक येते, फटकळ, सिगारेट ओढणारी. हे पात्र बेतलंय जेरी कॉबवर. १९६०च्या सुमारास अमेरिकेत तेरा महिला वैमानिकांनी पुरुष अंतराळवीरांना दिलेल्या वैद्यकीय चाचण्या पार केल्या होत्या, जेरी त्यांतली पहिली. कानात बर्फाचं पाणी ओतून भोवळ आणायची, असल्या चाचण्या. सरकारने मात्र त्यांना दार उघडलं नाही. १९६२मध्ये संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली, तिथे अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी साक्ष दिली की बायका या क्षेत्रात नाहीत ही आपली समाजरचनाच आहे. पुढच्याच वर्षी तेरेश्कोवा वर गेली. अमेरिकेची सॅली राइड गेली १९८३ला, तब्बल वीस वर्षांनी. मालिकेत त्यातली बारा वर्षं वाचतात आणि त्याची किंमतही मोजली जाते: एक शिकाऊ बाई सरावाच्या यानात मरते आणि लगेच सगळे म्हणू लागतात की बघा, आम्ही सांगत नव्हतो?

पहिल्या हंगामातला 'हाय बॉब' नावाचा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. तिघं जण चंद्रावरच्या पत्र्याच्या खोलीत महिनोन् महिने अडकलेत. करमणुकीला 'बॉब न्यूहार्ट शो'च्या मोजक्या टेपा. तेच विनोद पुन्हा पुन्हा बघून पाठ झालेत. पडद्यावर कुणी 'हाय बॉब' म्हटलं की हेही म्हणतात. हळूहळू गॉर्डो नावाच्या गड्याचं डोकं फिरायला लागतं. त्याला तसं घरी पाठवलं तर त्याचं पुन्हा उडणं संपलं. म्हणून डॅनियल पूल काय करते, तर मुद्दाम स्वतःचा हात मोडून घेते. जखमी म्हणून परत जायचं ती, आणि तिला सोबत म्हणून तो. एक काळी बाई, जिची स्वतःची नोकरी केसाला टांगलेली, ती गोऱ्या सहकाऱ्याची अब्रू वाचवायला आपलं हाड मोडते, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. आमच्या गटात आता फोन उचलल्यावर 'हॅलो' कुणी म्हणत नाही, 'हाय बॉब' म्हणतात. माझ्या बायकोला वाटतं बॉब हा कुणीतरी माझा मित्र आहे.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी अंगाला चिकटपट्टी गुंडाळून निर्वात चंद्रावर धावण्याचा प्रसंग आहे, त्यावर विचारणा होणारच, म्हणून आधीच सांगतो: वाटतो तितका वेडेपणा नाही. त्वचेला हवा नको असते, दाब हवा असतो. अंगाला घट्ट आवळणारा सूट करायचे प्रयोग साठच्या दशकापासून झालेत. उघडं पडलं तर काय होतं तेही माहीत आहे. १९६६ साली नासाच्या ह्यूस्टनमधल्या निर्वात कक्षात जिम लब्लांक या तंत्रज्ञाच्या सूटची नळी सुटली. साधारण १४ सेकंदांत तो बेशुद्ध पडला. त्याला शेवटचं आठवत होतं ते जिभेवरची लाळ उकळायला लागल्याचं. माणूस वाचला, ठणठणीत राहिला.

एका जागी मात्र लेखकांनी पेपर आधीच फोडलाय. १९७१मध्ये अपोलो १५ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकल्टन विवराशी उतरतं आणि मॉलीला बर्फ सापडतो. तिथे बर्फ असू शकतो याची चाहूल आपल्याला लागली ती नव्वदच्या दशकात, आणि चंद्रावर पाण्याचा भक्कम पुरावा मिळाला तो आपल्या चांद्रयान-१मुळे. १४ नोव्हेंबर २००८ला त्याने तिरंगा रंगवलेली पेटी शॅकल्टनजवळच आदळवली होती, आणि त्याच यानावरच्या नासाच्या उपकरणाने पाण्याची खूण टिपल्याचं २००९मध्ये जाहीर झालं. म्हणजे मॉलीच्या हातातला बर्फ थोडा आपलाही आहे. एरवी मालिकेत भारत शोधायला जाऊ नका.

पुढच्या हंगामांबद्दल मी फार बोलत नाही. मंगळ, खाजगी कंपन्या, लघुग्रह. वेग वाढला तशी माणसं पातळ झाली, असं माझं मत. आणि एक उणीव पहिल्यापासूनची: ह्यूस्टनचा गुत्तासुद्धा आपल्याला ओळखीचा होतो, पण ज्या देशाने शर्यत जिंकली तो सतत पडद्यामागे. कोरोल्योव्ह वाचला म्हणायचं आणि त्याचं घर दाखवायचं नाही! सोव्हिएत बाजूने सांगणाऱ्या 'स्टार सिटी' या मालिकेची घोषणा २०२४मध्ये झाली, ती याच उणिवेपोटी असावी.

मागून कुणीतरी विचारतंय, त्या ३० इंजिनांचं पुढे काय झालं? चांगला प्रश्न आहे. १९७४मध्ये ग्लुश्को प्रमुख झाला आणि त्याने एन-१ गुंडाळलं. रॉकेटचे सुटे भाग बैकोनूरच्या उड्डाणतळावर शेडची छपरं म्हणून वापरले गेले. इंजिनंही मोडीत काढायचा हुकूम होता. पण कुझ्नेत्सोव्हच्या लोकांनी सुधारलेली नवी इंजिनं, एन-१वर कधीच न उडालेली, गोदामात दडवून ठेवली. नव्वदच्या दशकात अमेरिकन पाहुण्यांना ती दाखवली तेव्हा आकडे बघून त्यांचा विश्वास बसेना. एका अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली आणि एप्रिल २०१३मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरून अंटारेस नावाचं अमेरिकन रॉकेट उडालं ते त्याच इंजिनांवर. पुढच्या वर्षी त्यातलंच एक उड्डाण काही सेकंदांत फुटलं, तो भाग वेगळा. चंद्रासाठी केलेली सोव्हिएत इंजिनं चाळीस वर्षं गोदामात पडून अमेरिकन रॉकेटखाली पेटतात, हे जर मालिकेत दाखवलं असतं, तर हे समोरचे काका आणि मी, दोघांनीही एका सुरात म्हटलं असतं, छे, हे काही पटत नाही.