मेट्रनच्या टेबलावर ठेवायचं पत्र

पुण्यात रुग्णसहायकाचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर एका निवृत्त वॉर्ड इन्चार्ज सिस्टरनी केलेलं हे भाषण, थोडं संपादित करून.

मुलांनो, तुमचं वर्गातलं शिक्षण संपत आलंय आणि संस्थेनं सांगून टाकलंय की वॉर्डातलं पोस्टिंग, म्हणजे प्रत्यक्ष सरावाची जागा, तुमची तुम्ही बघा. पुण्यात हॉस्पिटलं काय कमी आहेत? पण आत कुणी ओळखीचं नाही, मग जायचं कुठे आणि बोलायचं कुणाशी, ही काळजी मला तुमच्या चेहऱ्यांवर दिसतेय. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून. तुमच्यासारख्यांचे अर्ज माझ्यापुढे यायचे. म्हणून आज टेबलाच्या त्या बाजूनं बोलते.

आधी नावाचा घोळ मिटवू. तुम्ही शिकताय त्याला आपल्याकडे जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात; हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमातही हेच नाव आहे. अमेरिकेत याच्या जवळचं पद म्हणजे पेशंट केअर टेक्निशियन. तिथे ही माणसं बऱ्याच ठिकाणी रक्ताचे नमुने घेतात, ईसीजी काढतात. त्यांचे व्हिडिओ बघून काही मुलं मेट्रनसमोर, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य सिस्टरसमोर, जातात आणि म्हणतात, 'मला ब्लड कलेक्शन शिकायचंय.' आपल्याकडे ते सहायकाचं काम नाही, म्हणून मेट्रन नकारार्थी मान हलवते आणि विषय तिथेच संपतो.

आता कुठे जायचं ते बघू. ससून १८६७ पासूनचं आहे, तिथे पेशंट तऱ्हेतऱ्हेचे, पण बी. जे. मेडिकल कॉलेज आणि नर्सिंगचे स्वतःचे विद्यार्थी आहेत, म्हणून बाहेरच्याला जागा मिळायला वेळ लागतो हे धरून चला. मंगळवार पेठेतलं कमला नेहरू पुणे महापालिकेचं, पिंपरीचं वायसीएम (यशवंतराव चव्हाण मेमोरियल हॉस्पिटल) पिंपरी-चिंचवड महापालिकेचं. अशा ठिकाणी तोंडी विचारून काही होत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक हातात असला की पुढच्या आठवड्यात चौकशीला तोंड उघडता येतं. ट्रस्टच्या आणि खासगी हॉस्पिटलांत मुलं थेट एचआरकडे जातात. जा, पण त्याआधी नर्सिंग ऑफिस गाठा. तुमची जबाबदारी शेवटी सिस्टरच्या अंगावर पडणार. ती 'हो' म्हणाली तर एचआरचं काम कागदापुरतं उरतं.

वेळही बघून जा. सकाळी आठला ओव्हर, म्हणजे एका शिफ्टनं दुसरीला काम सोपवणं, चालू असतं, मग राउंड, मग डिस्चार्जची गडबड. त्या वेळात दारात उभं राहणाऱ्याला मीही कधी नीट उत्तर दिलेलं नाही. दुपारी तीनच्या सुमारास जा. मेट्रन तेव्हा बसून तुमचं ऐकेल.

पत्राबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण सगळं तिथेच ठरतं. 'मला अनुभव मिळावा ही नम्र विनंती', एवढंच लिहिलेले ढीगभर अर्ज मी बघितलेत. त्यातून मला काय कळणार? किती आठवडे, आठवड्यातले कोणते दिवस, कोणती शिफ्ट, संस्थेनं किती तास मागितलेत, हे लिहा. काय करायला येतं ते लिहा: बेड बनवणं, स्पंजिंग, बेडपॅन देणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी घेणं, इनटेक-आउटपुट (पेशंटच्या शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं) लिहिणं. आणि त्याखाली, हे कुणीच लिहीत नाही, काय करणार नाही तेही लिहा. 'इंजेक्शन देणार नाही, औषध देणार नाही, सलाइनचा वेग बदलणार नाही, कॅथेटर (लघवीची नळी) घालणार नाही, सिस्टरला विचारल्याशिवाय पेशंटला एकट्यानं उठवणार नाही.' एका मुलीनं असं पत्र माझ्यापुढे ठेवलं होतं, वहीच्या कागदावर, हातानं लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं. इन्चार्जला रात्री झोप लागत नाही ती याच भीतीनं, की नवीन पोरगं उत्साहाच्या भरात काहीतरी करून बसेल. त्या मुलीनं माझी भीती मी बोलायच्या आधीच ओळखली होती. मी लगेच तिला मेडिसिन वॉर्ड दिला.

पत्रासोबत लसीचं कार्ड जोडा. हेपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला, मग एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. जागा मिळाल्यावर बघू म्हणालात तर उशीर झालेला असतो. मेट्रन तिथल्या तिथे एखादा प्रश्नही विचारते: वापरलेली युरोबॅग (लघवी जमा होते ती पिशवी) कुठे टाकशील? लाल पिशवीत. रक्तानं भिजलेला कापूस? पिवळ्या. सुई? पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हे आहे. उत्तर देताना अडखळू नका.

लहान नर्सिंग होमबद्दल मला तळमळीनं बोलायचंय. वीस खाटांच्या ठिकाणी खूप शिकायला मिळतं, हे खरं. पण भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र बघा. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ पासून कायदा आहे. आणि विचारा, प्रत्येक शिफ्टला नोंदणीकृत नर्स असते का? माझ्या नात्यातला एक मुलगा ओळखीनं अशाच एका ठिकाणी लागला. पंधरा दिवस त्याला रिसेप्शनवर फायली लावायला बसवलं. सोळाव्या दिवशी रात्री एकही सिस्टर नव्हती, तेव्हा सलाइन काढायला लावली आणि सुई त्याच्या बोटात गेली. काय करायचं हे त्याला सांगायलाही कुणी नव्हतं. तुम्ही ऐकून ठेवा: बोट दाबायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि तडक डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्ही टाळायची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, ७२ तासांच्या पुढे ती चालत नाहीत. त्या मुलाचे रिपोर्ट चांगले आले. पण ते येईपर्यंत त्याची आई कशी जगली, ते मी बघितलंय.

त्या वहीच्या कागदवाल्या मुलीचा पहिला दिवस सांगते. अर्धांगवायूचे एक आजोबा होते, बोलता येत नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. ती त्यांच्या नजरेसमोर गेली, खाली वाकली आणि म्हणाली, 'आजोबा, मी आणि मावशी मिळून तुम्हाला डाव्या कुशीवर करतोय, चालेल का?' त्यांनी डोळे मिटून उघडले, तेव्हाच तिनं हात लावला. पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला टेकणार नाहीत अशा. मग माकडहाडावरची लाली तिनं बोटानं दाबून बघितली. दाबल्यावर त्वचा पांढरी होईना. ती धावत माझ्याकडे आली नाही, आजोबांना पांघरूण घातलं, आणि मग येऊन सांगितलं. बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात होती. आम्हाला ती त्या दिवशी सापडली.

लॉगबुकवर, म्हणजे वॉर्डातल्या तासांच्या नोंदवहीवर, सही रोजची रोज घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. 'शेवटी एकदम घेऊ' म्हणणाऱ्या एका मुलाची इन्चार्ज मध्येच बदलून गेली आणि नव्या सिस्टरनं, बरोबरच आहे, न बघितलेल्या तासांवर सही केली नाही. त्याला ते तास पुन्हा भरावे लागले.

पुढच्या गुरुवारी मी याच वेळेला येणार आहे. प्रत्येकानं आपलं पत्र कच्चं का होईना, लिहून आणा. एकेक वाचून दुरुस्त करून देईन. ज्यांनी हेपॅटायटिसचा पहिला डोस घेतला नसेल, त्यांनी तो आधी घ्या आणि कार्डही घेऊन या.