घडी मोडा

(पुण्यातल्या एका महिला मंडळात दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘माझी स्टाइल, माझ्या आवडीच्या भारी वस्तू आणि घरचा वारसा’. हा तीन व्याख्यानांचा ऐवज आहे आणि मला वेळ मिळालाय एकाचा, तेव्हा नमनाला घडाभर तेल घालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या घरातल्या मौल्यवान वस्तू वापरून जेवढ्या खराब होतात, त्याहून जास्त जपून जपून खराब होतात. आणि नवं काही महागाचं घ्यायचं असेल, मग ते लक्ष्मी रोडवरचं असो नाहीतर पॅरिसचं, तर आधी विचारावं: हे मी वापरणार आहे का, बिघडलं तर दुरुस्त होईल का, आणि माझ्यामागे कुणाला ते हवंसं वाटेल का?

ही पैठणी बघा. माझ्या आजेसासूबाईंची, वांगी रंगाची. जरा उंच धरते, मागच्यांनाही दिसू दे. काठात पोपटांची ओळ आहे, हा मुनिया काठ. पदरावर बांगडीमोर, म्हणजे गोल बांगडी आणि तिच्यात मोर. आता हाच पदर उलटा करते. फरक दिसतोय? नाही दिसत, कारण नाहीच आहे. हातमागावर काठ-पदर विणताना प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते. एक रंग जिथे संपतो तिथे विणकर त्याचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. मागे धागे लोंबकळत ठेवायचा प्रश्नच येत नाही. म्हणून उलट-सुलट सारखी. येवल्याला जाऊन कधीतरी मागासमोर तासभर बसा. त्या तासात पदर किती पुढे सरकला ते बघितलं की किमतीवरची कुरकुर आपोआप थांबते. भरलेल्या पदराच्या एकेका साडीला महिनोन्‌महिने लागतात.

सेमी पैठणीला, म्हणजे पैठणीसारख्या दिसणाऱ्या यंत्रमागावरच्या साडीला, मी नाक मुरडत नाही. मुंजीला, हळदीकुंकवाला मीही नेसते. पण सेमीला अस्सलची किंमत मोजू नका. दुकानात साडी उलटी करा. मागे कापलेल्या धाग्यांची कुसं दिसली किंवा एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत धागे लांब उड्या मारताना दिसले, तर ती मागावर अशी हाताने गुंफलेली नाही. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागातल्या अस्सल मालालाच ते नाव लावता येतं; त्याची खूण विचारा. ‘सिल्क मार्क आहे ना ताई’ असं सांगून दुकानदार विषय संपवतो. पण सिल्क मार्क फक्त रेशीम खरं आहे एवढंच सांगतो. साडी हातमागावरची आहे की नाही आणि काठ-पदरातली जर, म्हणजे धातूची तार, कसली आहे, याबद्दल तो काही बोलत नाही.

आता या साडीचं दुखणं दाखवते. ही चीर. कुठे गेलीये बघा. निऱ्यांवर नाही, खांद्यावर नाही, साडी जिथे घासते अशा एकाही जागी नाही. बरोबर घडीवर गेलीये. माझ्या आजेसासूबाईंनी ही पैठणी मोजक्या लग्नांत नेसली आणि बाकी सगळा काळ ती ट्रंकेत एकाच घडीवर पडून होती. खरी जर म्हणजे चांदीची बारीक चपटी तार रेशमी धाग्यावर गुंडाळलेली आणि वरून सोन्याचं पाणी. ती तार एकाच रेषेत वर्षानुवर्षं दुमडून दाबली गेली की तिथे मोडते आणि खालच्या रेशमाला कापत जाते. वरून कुणीतरी प्रेमानं प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि डांबरगोळ्या टाकल्या. कोंडलेली दमट हवा लागली आणि चांदी काळवंडली. हे सगळं काळजीपोटी झालं बरं का, निष्काळजीपणानं नाही!

तेव्हा भारी साडी मऊ सुती कापडात गुंडाळा, जुनं धोतर सगळ्यात उत्तम. तीन-चार महिन्यांनी घडी उलगडून दुसऱ्या रेषेवर घाला. लोखंडी हँगरला टांगू नका, वजनानं ताणते आणि गंजाचा डाग जाता जात नाही. डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाची नाहीतर वाळ्याची पुरचुंडी ठेवा, साडीला न चिकटवता. सेंट साडीवर फवारू नका. आणि वर्षातून एकदा तरी नेसा. घामाची भीती वाटत असेल तर थंडीत नेसा, पुण्यातल्या डिसेंबरला दुसरा उपयोग काय?

जरीबद्दल आणखी थोडं. आपल्या पेठांतून ‘जुन्या जरीच्या साड्या विकत घेऊ’ अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. साडी जाळायची आणि उरलेली चांदी वजनावर घ्यायची, असा तो हिशेब. त्यात विणकामाची किंमत शून्य. किती शालू, किती पैठण्या अशा भट्टीत गेल्या याची मोजदाद कुणाकडेच नसेल. हल्ली गंमत अशी की त्या साडीत जाळण्यासारखंही काही नसतं. बाजारात बहुतेक जर ‘टेस्टेड’ असते, म्हणजे तांब्याची तार आणि वर चांदीचा मुलामा. दिसायला छान असते, पण विकणाऱ्यानं तसं सांगायला हवं.

मोत्यांचंही तेच. हा तन्मणी. मधलं खोड हिऱ्यांचं, सर बसऱ्याच्या मोत्यांचे. बसऱ्याचे मोती म्हणजे इराणच्या आखातातले, पाणबुड्यांनी काढलेले. १८९३ साली जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखवला, पुढे पूर्ण गोलही पिकू लागले, आणि आखातात तेल सापडल्यावर जीव धोक्यात घालून बुडी मारायचं कारणच उरलं नाही. असे मोती आता दुर्मीळ झाले. म्हणून घरात जुना मोत्याचा दागिना असेल तर लॉकरला नमस्कार करण्याआधी तो एकदा नीट बघा. मोत्याला फार कोरडी हवा चालत नाही, तडे जातात. त्याला आम्ल चालत नाही, म्हणजे घाम आणि सेंट दोन्ही नको. अत्तर आधी, मोती सगळ्यात शेवटी, आणि काढल्यावर मऊ फडक्यानं पुसून ठेवायचे. तुटतो तो मोती नाही, दोरा. पटवेकऱ्याकडे दर काही वर्षांनी गाठवून घ्यावा लागतो. ते काम एकदा उभं राहून बघाच. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवलेला, दोन्ही हात मोकळे, आणि एकेका मोत्यामागे अशी गाठ की सर तुटला तरी एकच मोती घरंगळावा. या कामाची मजुरी आपण किती देतो? त्याच फेरीत चहा-सँडविचला त्याहून जास्त खर्च करतो.

सौंदर्यप्रसाधनांबद्दल बोला असा निरोप होता. माझ्याकडे सांगण्यासारखं तसं कमी आहे. बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयात तुम्ही शाळेच्या सहलीला गेला असाल आणि मस्तानी महाल बघून बाहेर पडला असाल. आता परत जा, आणि वज्र्या बघा. टाच घासायच्या पितळी वज्र्या, पण त्यांना पशुपक्ष्यांचे आकार दिलेले. कुंकवाचे करंडे, फण्या, अत्तरदाण्या. काकासाहेब केळकरांनी आयुष्यभर घरोघर हिंडून हे जमवलं, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली ते राज्य सरकारच्या हाती सोपवलं. टाच घासायच्या वस्तूवर कुणीतरी एवढा जीव लावत होतं! आपण आज तिथे प्लास्टिकचा ब्रश वापरतो आणि ‘सेल्फ केअर’ म्हणून फोटो टाकतो.

उटणं मी वर्षभर लावते, फक्त नरकचतुर्दशीला नाही. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, वाळवलेली गुलाबाची पाकळी, संत्र्याची साल, सगळं वेगवेगळं दळून घ्यायचं आणि तीनदा चाळायचं. चाळणीत कसर केली की ते चेहऱ्याला ओरखडतं. दुधात नाहीतर तेलात कालवायचं. सोळाव्या वर्षीची त्वचा परत मिळत नाही. मिळेल असं सांगणाऱ्या बाटलीवर पैसे घालवू नका. सनस्क्रीनवर मात्र घालवा, ते आपल्या आज्यांकडे नव्हतं आणि दुचाकीवरून कर्वे रस्त्यानं जाणारीला उटणं उन्हापासून वाचवत नाही.

माझी खरी चैन म्हणजे अत्तर. कनौजला अजून देग-भपक्यावर अत्तर काढतात. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, खाली लाकडाचा जाळ, नळीतून वाफ जाते ती भपक्यात, आणि तिथे परंपरेनं चंदनाचं तेल ती वाफ पिऊन घेतं. पावसाच्या पहिल्या सरीचा वास देणारं मातीचं अत्तरही असंच काढतात. फ्रेंच परफ्युमशी माझं भांडण नाही. ‘शनेल नंबर ५’ १९२१ सालापासून टिकून आहे ते उगीच नाही. पण तिकडच्या कितीतरी बाटल्यांत जो मोगरा असतो तो तमिळनाडूतला असतो, हे ठाऊक असलं की काउंटरपुढे उभं राहताना मान जरा ताठ राहते.

परदेशी ब्रँडमध्ये मला मनापासून आवडलेली एकच वस्तू आणलीये. एर्मेसचा रेशमी चौकोनी रुमाल. १९३७ सालापासून ते हे काढतात, नव्वद सेंटिमीटरचा चौरस. भेट मिळालाय, विकत घ्यायचा धीर मला झाला नसता. त्याची कड बघा. मशीनची शिवण नाही, हातानं गुंडाळून बारीक टाक्यांनी बसवलेली, आणि गुंडाळी उलट बाजूला न लपवता सुलट बाजूला आणलेली. म्हणजे कारागिराचं काम दिसावं अशीच ती केलेली. इरकलीवर मी तो गळ्याभोवती घेते. माझी नणंद म्हणते, वहिनी, तुम्ही कंडक्टर दिसता. म्हणू दे.

याउलट ज्या पर्सवर कंपनीचं नाव पर्सपेक्षा मोठं असतं, तिच्यासाठी पगार मोजू नका. अक्षरांना शिवणकाम लागत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. मग प्राडानं प्रेरणा कुठली ते कबूल केलं, पुढे महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. राग रास्तच होता. पण त्या आठवड्यात समाजमाध्यमांवर संतापलेल्या किती जणींच्या पायात कोल्हापुरी होती, हे मला कळलेलं नाही. हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं, शिवणही कातड्याच्याच वादीची. पहिले काही दिवस चावते, हे खरंय. एरंडेल लावा, घरात घाला, मग तुमच्या पायाचा आकार ती घेते. पावसाळ्यात मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठेवा. पुण्याच्या खड्ड्यांतलं पाणी तिला सोसत नाही, आपल्यालाही सोसत नाही.

तरुण मुलींबद्दल तक्रार करावी अशी इथे अपेक्षा दिसतेय. माझी नाहीये. गणपतीच्या मिरवणुकीत शिवलेली नऊवारी, नाकात नथ, डोळ्यांवर गॉगल आणि कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवणारी मुलगी ही आजच्या पुण्यातली सर्वांत स्टायलिश व्यक्ती आहे, असं माझं मत आहे. शिवलेली असेना का. काष्टा सुटायची धास्ती नसेल तर ढोल नीट वाजतो. मुलंही पुन्हा कानात भिकबाळी घालू लागलीयेत, ती मला आवडते.

जाताजाता एक प्रश्न, जो चिठ्ठीवर तिघींनी वेगवेगळ्या अक्षरात विचारलाय: फाटलेल्या पैठणीचं करायचं काय? ड्रेस शिवू का, चौकटीत लावू का? अंग विरलं असेल आणि काठ-पदर धड असतील, तर ते अलगद उसवून नव्या रेशमावर बसवून घ्या. हे काम करणारे आहेत, घाई करू नका आणि आधी त्यांनी केलेली एक साडी उलटी करून बघा. एखाददुसरी चीर असेल तर मागून मऊ रेशमी कापडाचा आधार देऊन रफू करा. दोऱ्याचा रंग दिवसाच्या उजेडात जुळवा, दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली वांगी आणि जांभळा एकच दिसतो. कात्री सगळ्यात शेवटी, आणि धड साडीला तर अजिबात नाही. चौकट करायचीच असेल तर ऊन येणाऱ्या भिंतीवर नको, रंग उडतो.

टेबलावर मांडलेलं सगळं उलगडा, उलटं करून बघा, नेसून बघितलंत तरी चालेल. फक्त बटाटेवडे खाऊन झाले असतील त्यांनी आधी हात धुऊन यावं.