जर्मनीची बेगमी

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची तिकिटं काढून झाली आहेत, हे मला ठाऊक आहे. कोणी सहलीबरोबर निघालंय, कोणी मुलाकडे श्टुटगार्टला, कोणी लेकीच्या बाळंतपणाला म्युनिकला. सामानात मेतकूट, दशम्या, तयार उपम्याची पाकिटं असणारच. न्या, जरूर न्या. परक्या मुलखात आजारी पडलं की मेतकूट-भातासारखा आधार नाही. मी आज एकच मागणं घेऊन आले आहे. तिथे असाल तेवढे दिवस रोजचं एक जेवण तिथलं जेवा.

मी अनेक वर्षं जर्मन शिकवते. शिकवण्याच्या निमित्ताने तिकडे पुष्कळ जाणं झालं. परत आलेल्या लोकांकडून ऐकते, ‘बाकी सगळं छान हो, पण जेवणाला चव नाही. नुसते सॉसेज, बटाटे आणि बीअर.’ हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. कारण चव नाही असं नाही. त्या चवीकडे जायची वाट आपल्याला कोणी दाखवलेली नसते.

ती वाट आपल्याच एका शब्दातून जाते. बेगमी. कोकणात आगोट जवळ आली की घराघरांत काय चालायचं ते आठवा. सुकी मासळी, कुळीथ, आमसुलं, फणसाची साठं, खारातल्या कैऱ्या. घाटावर कुरडया, सांडगे, पापड. चार महिने बाहेर पडता येणार नाही, म्हणून आधीच भरून ठेवायचं. जर्मनीत पावसाळ्याच्या जागी हिवाळा ठेवा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत शेत काही देत नाही. मग जे काही आहे ते मिठात घाला, आंबवा, धुरावर धरा, वाळवा, तळघरात ठेवा. आज आपण ज्याला जर्मन पारंपरिक जेवण म्हणतो त्यातला मोठा भाग या बेगमीतून आलेला आहे. सॉसेजसुद्धा त्यातलाच. थंडी पडल्यावर डुक्कर कापायचं आणि त्याचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही, हा शेतकरी घरांतला शिरस्ता होता.

सुरुवात पावापासून करते, कारण खरा जर्मन माणूस परदेशात सगळ्यात जास्त कशाला मुकतो तर आपल्या पावाला. तिथे पावाच्या 3000 हून जास्त प्रकारांची नोंद झालेली आहे आणि 2014 मध्ये जर्मनीने आपली पाव-संस्कृती अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातली. उत्तरेकडच्या थंड, हलक्या जमिनीत गव्हापेक्षा राय हे धान्य चांगलं येतं. रायच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, ते नुसत्या यीस्टने नीट फुगत नाही, भाजल्यावर आत गिचका राहतो. त्याला आंबटपणा लागतो. म्हणून आदल्या पिठाचा गोळा राखून ठेवायचा आणि त्याने नवं पीठ आंबवायचं. आपण दह्याचं विरजण राखतो तसंच. त्या पावाला जो आंबूस वास येतो, तो शिळेपणाचा नव्हे. आपण मऊ, पांढऱ्या, गोडसर पावाला सरावलेले आहोत, म्हणून पहिल्या घासाला नाक मुरडतो. तिसऱ्या दिवशी जीभ वळते.

पश्चिमेकडच्या वेस्टफालियातला पुम्परनिकेल हा पाव मुद्दाम मागून खा. तो निदान 16 तास मंद आचेवर, झाकलेल्या भांड्यात भाजतात. धान्यातलीच साखर हळूहळू करपत जाते आणि पाव काळाभोर होतो. त्याला कवच नसतं. पातळ काप, वर जाडसर लोणी, वाटल्यास मुळ्याची चकती. सावकाश चावा. दाताखाली आख्खा दाणा येतो, मग आंबट, आणि शेवटी काकवीसारखी गोडी मागे राहते.

हा पाव घरात कधी खातात, तर संध्याकाळी. तिथे जुन्या घरांत गरम जेवण दुपारी असतं. रात्रीच्या जेवणाचं नावच आबेंडब्रोट, म्हणजे संध्याकाळचा पाव. चूल पेटत नाही. ताटांऐवजी प्रत्येकासमोर लहानशी लाकडी पाटी, मधे पाव, लोणी, चीज, काकडीचं लोणचं, टोमॅटो. आपल्याकडच्या कित्येक आयांनी मला सांगितलंय, ‘सुनेच्या माहेरी गेलो तर रात्री गार पाव ठेवला हो पुढ्यात.’ त्यांना पाहुणचार कमी पडल्यासारखं वाटलं. तसं नव्हतं. त्यांना घरातलं समजून घरच्या पंगतीला बसवलं होतं.

आता कोबी. झाउअरक्राउट. बरणीतलं विकतचं खाऊन मत बनवू नका. कोबी बारीक चिरायचा, त्याच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के मीठ लावायचं, पाणी सुटेपर्यंत दाबायचं, मातीच्या उभ्या भांड्यात ठासून वर दगड ठेवायचा. वरून पाण्याचा थेंबही घालायचा नाही, कोबी स्वतःच्याच रसात बुडला पाहिजे. चार-सहा आठवड्यांनी तो आंबतो, आणि हिवाळाभर पुरतो. श्टुटगार्टजवळ फिल्डर नावाचं पठार आहे, तिथला टोकदार कोबी यासाठी नावाजलेला. पान पातळ, शीर कोवळी. चांगल्या खाणावळीत हा कोबी शिजवून येतो, तमालपत्र, जुनिपरचे दाणे आणि क्युमेल घालून.

क्युमेलवरून एक सांगते, विशेषतः मुलांकडे राहायला जाणाऱ्या बायकांना. दुकानात क्युमेल दिसलं की आपण जिरं समजून उचलतो. ते जिरं नव्हे. दिसायला तसंच, वास मात्र वेगळाच. फोडणीत घातलंत तर वरण बिघडेल. जिऱ्याला तिथे क्रॉयत्सक्युमेल म्हणतात. पण हेच क्युमेल कोबीत, रायच्या पावात आणि उकडलेल्या बटाट्यावर किती शोभतं ते खाऊनच कळतं.

बटाट्याबद्दल फार बोलत नाही. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाने 1756 मध्ये बटाटा लावण्याचा हुकूम काढला. पोट्सडामला त्याच्या समाधीवर लोक आजही फुलांबरोबर बटाटे ठेवतात. बर्लिनला जाणार असाल तर बघून या. मला राजांच्या समाध्यांत एवढी साधी आणि कृतज्ञ समाधी दुसरी माहीत नाही.

आणि मग वसंत येतो. मी शक्य असेल तर लोकांना मे महिन्यात जा म्हणते, त्याचं कारण श्पार्गेल, पांढरं शतावर. चार-पाच महिने आंबवलेलं, खारवलेलं खाल्ल्यावर जमिनीतून हा पहिला कोवळा कोंब येतो. मातीचे उंच वरंबे करून त्यात तो वाढवतात. ऊन लागलं की रंग चढतो, म्हणून टोक वर डोकावण्याआधी हात मातीत घालून लांब सुरीने एकेक कोंब कापायचा. यंत्राचं काम नाही ते. बर्लिनच्या नैर्ऋत्येला बेलिट्स, हायडलबर्गजवळ श्वेट्सिंगन, ही त्याची गावं. रस्त्याकडेला लाकडी टपऱ्या उभ्या राहतात, खाणावळी श्पार्गेलचं वेगळं कार्ड काढतात. साल काढून, मीठ, चिमूटभर साखर आणि लोणी घातलेल्या पाण्यात उकडतात. सोबत नवे बटाटे आणि पातळ केलेलं लोणी. बस. शाकाहारी असाल तर ‘ओने शिंकेन’ म्हणा, म्हणजे हॅम न घालता.

24 जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, हे सगळं थांबतं. कोंब अजून येत असतात, भाव असतो, गिऱ्हाईक असतं. तरी शेतकरी कापणी थांबवतो, कारण आता झाडाला पाला फुटू द्यायचा, मुळात पुढच्या वर्षाची ताकद साठू द्यायची. बारमाही भाजीच्या जमान्यात हा दिवस अजून पाळला जातो, याचं मला फार अप्रूप आहे.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. फ्रँकफुर्टला उतरलात तर ग्र्यूने झोसे, हिरवी सॉस, खा. सात पाले लागतात, सातच. बोराज, चेर्विल, हालीम, पार्सली, पिंपिनेल, चुका आणि चाइव्ह. बाजारात या सातांची जुडी पांढऱ्या कागदात गुंडाळून मिळते. बारीक चिरून आंबट क्रीममध्ये कालवायची, गार खायची, उकडलेल्या बटाट्यांबरोबर. अंडं खाणाऱ्यांना वर उकडलेली अंडी. कोलोनला किसलेल्या बटाट्याची कुरकुरीत धिरडी सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर मिळतात. पूर्वेला लाउझिट्स भागात उकडलेले बटाटे, चक्क्यासारखं क्वार्क आणि वरून कच्चं जवसाचं तेल. जवसाची चटणी खाणाऱ्या माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही. एक मात्र लक्षात ठेवा. परतलेल्या बटाट्यात, डाळीच्या सूपमध्ये, लाल कोबीत डुकराची चरबी किंवा श्पेक, म्हणजे खारवलेलं चरबीदार डुकराचं मांस, असू शकतं. मेनूवर प्रत्येक वेळी लिहिलेलं नसतं. ‘ओने श्पेक?’ असं विचारायचं. संकोच करायचा नाही, तिथे कोणी वाईट वाटून घेत नाही.

म्युनिककडे जाणाऱ्यांनी बीअरगार्टनला दारूचा अड्डा समजून टाळू नये. पूर्वी बीअर थंड राहावी म्हणून नदीकाठी तळघरं खोदली आणि वर सावलीला चेस्टनटची झाडं लावली. लोक त्या सावलीतच बसायला लागले. खाणावळवाल्यांनी तक्रार केली. तेव्हा 1812 मध्ये बव्हेरियाच्या माक्सिमिलियान राजाने ठरवून दिलं, बीअर विका, पण पावाखेरीज खाणं विकायचं नाही. मग लोक घरून डबे आणू लागले. ती रीत आजही शाबूत आहे. टेबलक्लॉथ नसलेल्या बाकांवर आपला डबा उघडायचा, पेय तेवढं त्यांच्याकडून घ्यायचं. न पिणाऱ्यांना सफरचंदाचा रस सोडा घालून मिळतो. आजी-आजोबा, बाबागाडीतली मुलं, सगळे असतात. ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’, इथे जागा आहे का, असं विचारून अनोळखी माणसाशेजारी बसा. तुमची दशमी आणि लसणीची चटणी तिथे पूर्ण कायदेशीर आहे.

नाताळच्या दिवसांत न्युर्नबर्गला असाल तर लेबकूखन, म्हणजे मध-मसाल्यांची नाताळची बिस्किटं, तोंडात टाका आणि क्षणभर डोळे मिटा. वेलची, लवंग, दालचिनी, जायपत्री, सुंठ. आपल्या दिवाळीतला वास. त्या शहराभोवतीच्या जंगलात मध भरपूर, आणि शहर व्यापारी वाटांवर वसलेलं. पोर्तुगीजांचं जे आरमार 1505 मध्ये हिंदुस्थानकडे निघालं त्यात आउग्सबुर्ग आणि न्युर्नबर्गच्या सावकारांचे पैसे गुंतलेले होते. मिरी, सुंठ, वेलची आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून त्या थंड गावापर्यंत गेली आणि तिथल्या सणाचा वास होऊन बसली.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात जवळचं.

श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. श्टुटगार्टच्या प्रांताला श्वाबेन म्हणतात. तिथल्या रोजच्या घरगुती जेवणातला मानाचा पदार्थ म्हणजे लिन्झेन मिट श्पेत्सले. मसुरासारखी डाळ आणि कणकेचे तुकडे. श्टुटगार्टशेजारच्या एस्लिंगनला मी एका ऐंशीच्या आजींकडे भाड्याने राहिले होते, तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मैदा, अंडी, मीठ, जरासं पाणी. भोक असलेल्या लाकडी डावाने त्या ते पीठ मारत होत्या, दंड दुखेपर्यंत, बुडबुडे येईपर्यंत. मग मूठ असलेली लाकडी फळी उकळत्या पाण्यात बुडवून ओली केली, तिच्यावर पीठ पसरलं, फळी पातेल्यावर तिरपी धरली आणि सुरीने त्याचे बारीक बारीक काप पाण्यात सोडत गेल्या. खरवडण्याचा आवाज एका लयीत. तुकडे तळाशी जातात, वर तरंगतात, की लगेच झाऱ्याने काढायचे. मला माझी आजी पाटावर बोटवे वळायची ते आठवलं.

डाळ शेजारी शिजत होती, गाजर आणि कांदा घालून. वाढण्यापूर्वी त्यांनी तिच्यात व्हिनेगरची धार सोडली. त्या सांगत होत्या, लहानपणी डाळ इथलीच असायची. श्वाबियन पठारावर, खडकाळ जमिनीत, बार्ली किंवा ओटबरोबर लावलेली, कारण मसुराच्या वेलाला उभं राहायला आधार लागतो. 1960 नंतर परवडेना, लोकांनी ती लावणं सोडलं, आणि बियाणंही गेलं. काही शेतकरी ते शोधत राहिले. 2006 मध्ये ती जुनी वाणं सापडली, रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या बियाणं-भांडारात. मूठभर दाण्यांपासून वर्षानुवर्षं वाढवत आज पुन्हा त्या पठारावर ती पिकते. आल्ब-लाइझा या नावाने विकतात. साध्या डाळीपेक्षा महाग आहे, तरी येताना एक पाकीट घेऊन या.

दुसऱ्या दिवशी मी आजींना म्हटलं, आज स्वयंपाक माझा. तुरीची डाळ होती, गोडा मसाला होता, गूळ होता. चकोल्या केल्या. कणीक लाटली, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापले, उकळत्या आमटीत सोडले. त्या ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. तुकडे वर तरंगले तसा झारा त्यांनीच पुढे केला. ताटात वाढलं, एक चमचा घेतला, थोडा वेळ गप्प बसल्या. मग उठल्या, कपाटातून व्हिनेगरची बाटली आणली आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘चालेल का?’ मी आमसूल घालायला विसरले होते.