पडवीतला फुटबॉल

नमस्कार श्रोतेहो.

बाहेर पाऊस आहे, हे सांगायला मी रेडिओवर आलेलो नाही. कौलांवरचा आवाज तुम्हाला माझ्या आवाजापेक्षा मोठा ऐकू येत असेल. शाळेच्या मैदानात घोटाभर पाणी आहे, मळ्यात भात लावून झालंय आणि सड्यावरचा कातळ शेवाळाने असा बुळबुळीत झालाय की तिथे पोरांना खेळायला पाठवणं म्हणजे हाडवैद्याची सोय करणं. जून ते सप्टेंबर हे असंच. म्हणजे फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या मुलाच्या वर्षातला तिसरा हिस्सा पाण्यात जातो. तो वाचवता येईल का, एवढंच आज बोलायचं आहे.

मी क्रीडाशिक्षक. आपला मालवणी मुलूख कबड्डीचा आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात गेलं की मात्र फुटबॉल हा राज्याचा खेळ होतो. भारताचं कर्णधारपद सांभाळलेले गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर तिथले, अर्जुन पुरस्कार मिळवलेले ब्रूनो कुतिन्हो तिथलेच. पाऊस त्यांच्याकडेही आपल्याएवढाच पडतो.

शाळा सुरू झाली की पालक भेटतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, माझ्या झिलाक खंय खेळवतास?" मी काही बोलायच्या आत उत्तरही तेच देतात, "फॉरवर्ड घाला." माझ्या मुलाला बचावात उभा करा, असं सांगणारा बाप मला अजून भेटायचा आहे. पण पालकांना हसायचा अधिकार मला नाही. मी स्वतः कित्येक वर्षं जागा वाटत आलो ते अंगकाठीवरून. उंच पोरगा बचावात, पळणारा कडेला, आणि जो जाडा, धापा टाकणारा, तो गोलमध्ये. एका मुलाला असाच तीन वर्षं गोलमध्ये उभा केला. आठवीच्या सुट्टीत तो एकदम उंच झाला, अंग हलकं झालं, आणि तेव्हा लक्षात आलं की मैदान वाचायची त्याची नजर आमच्या सगळ्या संघात चांगली होती. मधल्या फळीत सुरेख खेळला असता. असता म्हणतो, कारण तोवर त्याच्या डाव्या पायाची आणि चेंडूची ओळखच झाली नव्हती. तो दोष त्याचा नव्हता, माझा होता.

म्हणून आता बारा-तेरा वर्षांपर्यंत मी कुणाच्या कपाळावर जागेचा शिक्का मारत नाही. फिलिप लाम आठवतो का बघा. 2014 साली विश्वचषक जिंकलेल्या जर्मनीचा कर्णधार. चणीने लहानसा. उजव्या बगलेला खेळला, डाव्या बगलेला खेळला, आणि बायर्न म्युनिक क्लबमध्ये पेप ग्वार्डिओला प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा तिशीच्या घरात असताना मधल्या फळीतही खेळला. त्याला कुणी लहानपणी एकाच खुंट्याला बांधलं असतं तर हे झालं नसतं.

मग जागा शिकवायचीच नाही का? शिकवायची, पण ती काय असते ते आधी समजून घेऊ. आपल्याला कबड्डी कळते, तिथूनच जाऊ. उजवा कोपरारक्षक उजव्या कोपऱ्यात खिळ्यासारखा ठोकलेला असतो का? चढाईपटू डावीकडे वळला की सगळी साखळी सरकते, उजवा कोपरा आत येतो. त्याची जागा जमिनीवर आखलेली नसते, ती चढाईपटू कुठे आहे आणि शेजारचा गडी कुठे आहे यावरून दर क्षणाला ठरते. फुटबॉलमध्ये तेच, फक्त सातांऐवजी अकरा आणि अंगणाऐवजी 105 मीटर लांब, 68 मीटर रुंद मैदान.

एवढं मैदान घरात कुठून आणायचं? खडूने आणायचं. पडवीतल्या फरशीवर मीटरला एक सेंटिमीटर या मापाने मैदान काढा. 105 सेंटिमीटर लांब, 68 रुंद. पेनल्टी क्षेत्र गोलरेषेपासून साडेसोळा सेंटिमीटर, गोल सव्वासात सेंटिमीटरच्या जरा वर. मुलाला स्वतः पट्टी घेऊन मोजू द्या, त्यात गणितही होतं आणि मैदानही डोक्यात बसतं. अकरा शिंपल्या एका संघाच्या, अकरा चिंचोके दुसऱ्या संघाचे, आणि सुपारी म्हणजे चेंडू. तुम्ही सुपारी हलवायची, मुलाने शिंपल्या. सुपारी उजव्या कडेला नेलीत की थांबा आणि विचारा, "आता तुझा डावा बचावपटू कुठे?" पहिल्या दिवशी दहातली नऊ मुलं त्याला डाव्या रेषेवरच ठेवतात. का, तर तो 'डावा' आहे म्हणून.

ज्यांनी रापण ओढली आहे त्यांना हे पटकन समजेल. होडी जाळं अर्धगोल टाकून येते, दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. एक बाजू ओढतेय आणि दुसरी जागच्या जागी उभी राहिली, तर मासळी कुठून निसटते ते सांगायला नको. चेंडू उजवीकडे असताना डावा बचावपटू आत, जवळजवळ मैदानाच्या मध्यापर्यंत यायला हवा. चेंडू लांब पास होऊन त्याच्याकडे यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात तो परत बाहेर पोचू शकतो. हे मैदानावर ओरडून सांगितलं तर पोराला दटावणी वाटते. शिंपल्यांवर सांगितलं तर खेळ वाटतो.

आता प्रत्यक्ष चेंडू. या प्रकाराला मी 'आजीचा सराव' म्हणतो. तो माझ्या डोक्यातून निघाला नाही, एका विद्यार्थ्याच्या घरी आपोआप झाला. मुलगा चिऱ्याच्या भिंतीवर चेंडू मारत होता आणि मागे आजी फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. मी गंमत म्हणून तिला म्हटलं, आजी, एका हातात आठळ घ्या, दुसऱ्यात करवंटी, आणि मनाला येईल ती वर करा. मुलाने चेंडू भिंतीवर मारायचा, तो परत येईपर्यंत मान वळवून मागे बघायचं आणि आजीने काय वर धरलंय ते सांगायचं. आठळ म्हणाला तर चेंडू डाव्या पायाने थांबवून डावीकडे वळायचं, करवंटी तर उजव्याने उजवीकडे. पहिली पाच मिनिटं चेंडू पायाखालून सुटत होता आणि आजी ओरडत होती, "मेल्या, कौला फुटतली!" आठवड्याभराने तो चेंडू थांबवायच्या आधी दोनदा मागे बघायला लागला.

नॉर्वेच्या गेइर योर्देत या संशोधकाने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं चित्रीकरण नेमकं यासाठी तपासलं, चेंडू मिळण्याआधी ते किती वेळा आजूबाजूला बघतात. जे जास्त वेळा बघत होते त्यांचे पास जास्त वेळा आपल्या माणसापर्यंत पोचत होते. मधल्या फळीतल्या खेळाडूचं अर्धं काम चेंडू पायात यायच्या आधीच झालेलं असतं. आणि मान वळवायला मैदान लागत नाही.

आणखी एक. चेंडूला सरळ तोंड करून उभं राहायचं नाही, अंग थोडं तिरकं, एक खांदा भिंतीकडे, एक अंगणाकडे. म्हणजे एका नजरेत दोन्ही दिसतं. चिऱ्याची भिंत गिलावा न केलेली असेल तर उत्तमच, चेंडू वेडावाकडा परत येतो आणि पाय जागे राहतात. गडग्यावर मात्र मारू नका. दगड सुटून पायावर येतात, शिवाय शेजाऱ्याशी भांडण होतं ते वेगळंच.

गोलरक्षकाचा सराव मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याचं सामान आपल्या परड्यात आधीपासून उभं आहे. नारळाची लागवड करताना दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवायला सांगतात. आणि फुटबॉलचा गोल किती रुंद? 7.32 मीटर. तुमच्या बागेतले शेजारी-शेजारी दोन माड म्हणजे गोलचे दोन खांबच झाले की! नारळ आधी उतरवून घ्या, एवढंच. आणि पाऊस उघडलेला, वारा पडलेला बघून मगच जा. लहान मुलांसाठी एक माड धरून अलीकडे काठी रोवा, त्यांना एवढा गोल नको.

आता सुंभाच्या दोन लांब दोऱ्या घ्या. प्रत्येक माडाला एक बांधा आणि दोन्हींची टोकं चेंडूपाशी एकत्र आणा. त्रिकोण तयार होईल. गोलकडे जाणारा सरळ फटका या त्रिकोणातूनच जाणार. चेंडू समोर 11 मीटरवर, म्हणजे पेनल्टीच्या जागी ठेवला आणि मूल गोलरेषेवर उभं राहिलं, तर त्याला सात मीटर झाकायचे आहेत. तेच साडेपाच मीटर पुढे आलं तर दोऱ्यांमधलं अंतर निम्मं, साडेतीन मीटरच्या आसपास. हे मुलाला हात पसरून दोऱ्यांना लावू द्या, कोन म्हणजे काय ते फळ्यावर कधी कळलं नसेल तेवढं इथे कळेल. मग चेंडू कडेला न्या. गोलच्या मध्यावर उभा असलेला गोलरक्षक आता दोऱ्यांच्या मध्ये राहिलेला नसतो, जवळच्या खांबाकडची वाट उघडी पडलेली असते. त्याला काही सांगावं लागत नाही, दोरी सांगते. अर्थात फार पुढे आला तर चेंडू डोक्यावरून जातो, तेही एकदा होऊ द्या.

आणि गोलरक्षकालाही भिंतीवर पायाने सराव करायला लावा. 1992 साली नियम बदलला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू तेव्हापासून गोलरक्षकाला हातात घेता येत नाही. त्यामुळे ज्याला पाय चालवता येत नाहीत त्याला गोलमध्ये टाका, हा आमचा जुना हिशेब तीस वर्षांपूर्वीच मोडीत निघाला आहे.

बचाव शिकायला भावंडं हवीत. एकाने चेंडू घेऊन यायचं, दुसऱ्याने हातभर अंतर ठेवून, अंग तिरकं करून, गुडघे वाकवून मागे मागे सरकायचं. चेंडू हिसकावायचा नाही. फक्त समोरच्याला अंगणाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात घेऊन जायचं. कबड्डीच्या पोरांना हे एका दिवसात जमतं, मात्र झेप घ्यायची त्यांची सवय सोडवावी लागते. फुटबॉलमध्ये झेप चुकली की बचावपटू जमिनीवर आणि चेंडू गोलसमोर.

आघाडीवाल्यांबद्दल मी फार बोलणार नाही, त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. भिंतीवर खडूने खाली, कोपऱ्यात दोन चौकोन काढा आणि नावडत्या पायाने मारत राहा. बस.

डोक्याने चेंडू मारायचा सराव लहान मुलांकडून घरी करून घेऊ नका. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने 2015 साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं, इंग्लंडमध्ये 2020 पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात ते शिकवत नाहीत. मेंदूच्या बाबतीत त्यांनी सावध व्हायचं ठरवलं, आपणही व्हावं.

वेळ? रोज वीस मिनिटं पुरे. त्यातली पहिली तीन-चार एका पायावर उभं राहून तोल सांभाळण्यात घालवा, दात घासताना केलं तरी चालेल. तोल, उडी आणि नीट पडणं शिकवणारा लहान मुलांसाठीचा व्यायामक्रम फिफाच्या पुढाकाराने तयार झाला आहे, आणि युरोपात सात ते तेरा वर्षांच्या मुलांवर तो तपासला तेव्हा दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. वाढीच्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखतंय असं मूल सांगत असेल तर ते नाटक समजू नका. हाडाची वाढ होते त्या जागेवर ताण येतो. सराव थांबवा, डॉक्टरांना दाखवा. पावसाळा सरल्यावर किनाऱ्यावर नेलंत तर ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पोटऱ्या लगेच भरून येतात. आत्ता मात्र समुद्राकडे फिरकूसुद्धा देऊ नका.

हे सगळं मी मुलगा, मुलगा म्हणत बोललो, ती जिभेची सवय. मालवणीत मुलीला चेडू म्हणतात. चेडू आणि चेंडू यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे. 2022 साली सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, त्याचे सामने नवी मुंबईत झाले आणि मडगावलाही. आपण दोन्हींच्या मध्ये बसलो आहोत.

चेंडूचं तेवढं सांगतो आणि थांबतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा घ्या, पुढे पाच नंबर. पडवीत खेळताना हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे उसळी कमी आणि कौलं शाबूत. ओला झाला तर फडक्याने पुसून सावलीत ठेवा. लवकर वाळावा म्हणून चुलीपाशी ठेवू नका. माझ्या आईने एकदा प्रेमाने ठेवला होता, सकाळी त्याची शिवण उसवलेली होती आणि तिला वाटत होतं, उंदराने कुरतडला.

नमस्कार.