सध्या काय ऐकताय?

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणाचा विषय एका ओळीत मावणारा आहे. संगणकावर किंवा फोनवर मित्राच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ दिसते: तो या क्षणी कोणते गाणे ऐकतो आहे, ते कोणी गायले आहे, कोणत्या अल्बममधले आहे. आपण ते विचारलेले नसते, त्यानेही सांगितलेले नसते, तरी ते कळते. काही महिन्यांपूर्वी एका रात्री साडेअकराच्या सुमारास माझ्या एका मित्राच्या नावाखाली अशीच एक ओळ दिसली. गाणे विरहाचे होते. अर्ध्या तासाने पाहिले तेव्हाही तेच गाणे चालू होते आणि झोपण्यापूर्वी, साडेबाराला, पाहिले तेव्हाही तेच. अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात नाही नाही ते विचार आले आणि सकाळी उठल्याबरोबर मी त्याला फोन लावला. तब्येतीची, घरच्यांची, नोकरीची आडवळणाने चौकशी करून झाल्यावर शेवटी मूळ प्रश्न विचारला, तेव्हा तो मनसोक्त हसला. दुसऱ्या कडव्याआधीचा बासरीचा तुकडा तो हार्मोनियमवर बसवत होता. त्यातली एक मुरकी काही केल्या हाती लागत नव्हती, म्हणून गाणे पुन्हा पुन्हा मागे नेत होता.

त्या ओळीतली माहिती अक्षरशः खरी होती आणि तिच्यावरून मी काढलेला अर्थ सपशेल चुकला होता. आपण काय ऐकतो हे इतरांना कळवण्याच्या ज्या अनेक सोयी आज आपल्या हाताशी आहेत, त्यांच्याविषयी बोलताना मला हा प्रसंग हटकून आठवतो. गाणे वाजल्याची नोंद होणे वेगळे आणि ते गाणे कुणाला तरी सांगणे वेगळे. यंत्राने नोंद इतकी सोपी करून टाकली की सांगणेही त्यातच उरकले, असे आपण समजू लागलो.

आपण ऐकतो ते दुसऱ्याच्याही कानी पडावे, ही ओढ काही नवी नाही. रेडिओवरच्या फर्माइशीच्या कार्यक्रमांना पत्र पाठवणाऱ्याला ते गाणे ऐकायचे असेच, पण गाण्याइतकीच त्याला आपल्या नावाच्या उच्चाराचीही प्रतीक्षा असे. हे मी रेडिओवरूनच म्हणतो आहे, तेव्हा कोणी मनाला लावून घेऊ नये. १९७९ च्या जुलैत सोनी कंपनीने जपानमध्ये वॉकमन बाजारात आणला, तेव्हा त्याला हेडफोनसाठी एक नाही, दोन जागा ठेवलेल्या होत्या. एकट्याने कानात गाणे घालून बसणे हा सोबत असलेल्या माणसाचा अपमान ठरेल, अशी शंका कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना आली होती. म्हणून दोघांनी एकच कॅसेट ऐकावी यासाठी दोन जागा, आणि ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावे यासाठी एक नारिंगी बटण. ते दाबले की गाण्याचा आवाज खाली जाई आणि यंत्रातल्या मायक्रोफोनमधून शेजारच्याचे बोलणे कानात येई. पुढे असे दिसले की लोकांना दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायचा वॉकमन नको होता, प्रत्येकाला स्वतःचा हवा होता. ऐकणे खासगी झाले ते तेव्हापासून, आणि मला वाटते, त्यानंतरची सगळी धडपड ही ती दुसरी जागा पुन्हा कुठेतरी जोडण्याची आहे.

संगणकावर गाणी साठवली जाऊ लागली, तेव्हा पहिली अडचण अगदी साधी होती. वाजते आहे ते गाणे कोणते, हे यंत्राला ठाऊक नव्हते. १९९६ मध्ये एमपीथ्री फाइलच्या शेवटी एक छोटी चिठ्ठी चिकटवण्याची युक्ती निघाली. तिला आयडी-थ्री टॅग म्हणतात. ती चिठ्ठी अवघ्या १२८ बाइटची होती. त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरे, कलाकाराला ३०, अल्बमला ३० आणि वर्षाला ४ अशी मोजून जागा होती, आणि अक्षरे रोमन लिपीतली गृहीत धरलेली होती. त्यामुळे लांब नावे मधेच तुटत. रागाचे नाव, विलंबित की द्रुत, ताल कोणता, असे सगळे लिहू पाहणाऱ्याचे तीस अक्षरांत काय होत असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. कोणी ती चिठ्ठी भरलीच नसेल तर गप्पांच्या खिडकीत मित्राच्या नावाखाली 'अज्ञात कलाकार, ट्रॅक शून्य तीन' असे झळकत असे. तरीही लोकांना त्याचे अप्रूप होते.

पुढची पायरी इंग्लंडमध्ये पडली. २००२ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणाऱ्या रिचर्ड जोन्स यांनी ऑडिओस्क्रॉबलर नावाचा उपक्रम केला. संगणकावर जे जे गाणे वाजेल त्याची नोंद आपोआप एका ठिकाणी जमा व्हावी आणि दोघांच्या नोंदी ताडून पाहून कोणाची आवड कोणाशी जुळते हे कळावे, अशी त्याची योजना होती. २००५ मध्ये हा उपक्रम इंटरनेटवर गाणी ऐकवणाऱ्या लास्ट डॉट एफएम या सेवेत विलीन झाला आणि अशा नोंदीला 'स्क्रॉबल' हा शब्द रूढ झाला. ज्यांच्या याद्या आपल्या यादीशी मिळत्याजुळत्या असत, त्यांना तिथे 'शेजारी' म्हणत. हे नाव मला फार आवडत असे, कारण दारावर थाप न मारता भिंतीपलीकडचे ऐकू येणारा तोच तर शेजारी.

या सेवेत एखादे गाणे 'ऐकले' असे केव्हा म्हणायचे, याचा नियम पाहण्यासारखा आहे. गाणे ३० सेकंदांहून मोठे असले पाहिजे, आणि ते निम्मे वाजले किंवा ४ मिनिटे वाजले, यांतले जे आधी होईल तेव्हा त्याची नोंद होते. तीन मिनिटांच्या गाण्याला हा नियम ठीक बसतो. पण पन्नास मिनिटांच्या ख्यालाचे काय? चार मिनिटांत गायकाची आलापी जेमतेम रंगू लागलेली असते, आणि तेवढ्यात यंत्र ऐकणे पूर्ण झाल्याचा शिक्का मारून मोकळे होते. पुढची शेहेचाळीस मिनिटे तुम्ही डोळे मिटून ऐकलीत काय किंवा गाणे बंद करून उठून गेलात काय, हिशेबात एकच. तासभर एक राग ऐकणाऱ्याच्या खात्यात एक नोंद पडते आणि तेवढ्याच वेळात छोटी गाणी ऐकणाऱ्याच्या खात्यात वीस. मग वर्षाच्या शेवटी दुसऱ्या गृहस्थाला संगीताचे वेड अधिक, असे आकड्यांवरून कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे.

२०११ मध्ये स्पॉटिफाय आणि फेसबुक यांची जोडणी झाली आणि ज्यांनी ती स्वीकारली त्यांची गाणी ओळखीच्या सगळ्यांना, वाजत असतानाच, दिसू लागली. तक्रारी इतक्या झाल्या की काही दिवसांतच खासगीपणे ऐकण्याची वेगळी सोय द्यावी लागली. त्या तक्रारी मला पटतात. आपले ऐकणे कोणी पाहते आहे हे एकदा मनात शिरले की ऐकणे बदलते. मी स्वतः भारदस्त संगीताची मैफल लावून भांडी घासली आहेत, आणि खरे ऐकावेसे वाटत असलेले लहानपणचे एक सवंग गाणे खासगी खिडकीत, दार लोटून घेतल्यासारखे ऐकले आहे. त्यावर कडी म्हणजे वर्षअखेरीस अशा सेवांकडून मिळणारा, वर्षभराच्या ऐकण्याचा सजवून दाखवण्याजोगा हिशेब. एका वर्षी माझ्या त्या हिशेबात पहिल्या क्रमांकावर पावसाचा आवाज होता. झोप लागावी म्हणून रोज रात्री लावलेला आणि सकाळपर्यंत चालू राहिलेला. माझा सर्वांत लाडका कलाकार म्हणून आभाळाचे नाव लागले, याचे मला वाईट वाटले असे नाही. मात्र तो हिशेब मी कोणाला दाखवला नाही.

यावर कोणी म्हणेल की मग हे सारे बंदच करावे. मला तसे वाटत नाही. शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडून ऐकू आलेल्या गाण्याने मला काही उत्तम कलाकार मिळवून दिले आहेत. पण जे गाणे दुसऱ्यापर्यंत पोहोचावे असे मनापासून वाटते, ते नोंदीवर सोडू नये. ते हाताने पाठवावे आणि त्यासोबत दोन शब्द लिहावेत.

दोन शब्द कोणते, हे नीट पाहिले पाहिजे. नुसते 'हे ऐकच' असे लिहून धाडलेला दुवा बहुधा न उघडताच राहतो. कधी तो ज्या सेवेचा असतो ती समोरच्याकडे नसते, कधी तिथले ध्वनिमुद्रण काढून टाकलेले असते. म्हणून दुव्याबरोबर गाण्याचे नाव, गायक आणि शक्य असल्यास ध्वनिमुद्रण कोणते तेही लिहावे, कारण एकच रचना दहा जणांनी गायलेली असते आणि एकाच गायकाने ती वेगवेगळ्या वयांत गायलेली असते. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात यासाठी आयएसआरसी नावाचा बारा चिन्हांचा क्रमांक वापरतात. तो रचनेला मिळत नाही, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाला मिळतो. एका सेवेवरचे गाणे दुसऱ्या सेवेवर नेमके शोधायला तोच उपयोगी पडतो. आपल्याला क्रमांक पाठ करण्याची गरज नाही, पण 'म्हातारपणी गायलेले, फक्त तानपुऱ्यावरचे' एवढे लिहिणे आपल्या हातात असते. यूट्यूबच्या दुव्यात तर हव्या त्या क्षणापासून सुरुवात करण्याचीही सोय आहे. आणि एका वेळी एकच गाणे पाठवावे. चाळीस गाण्यांची यादी आली की ती ऐकायची राहून जाते आणि पाठवणाऱ्यासमोर तोंड चुकवण्याची पाळी येते.

हार्मोनियमवाल्या मित्राला मी त्या फोननंतर एक गाणे पाठवले. त्याखाली लिहिले, 'चौथ्या मिनिटाला मागे सारंगी आली आहे, ती ऐक. बाकीचे नाही ऐकलेस तरी चालेल.' तीन दिवस उत्तर आले नाही आणि मीही विचारले नाही. चौथ्या दिवशी रात्री त्याच्या नावाखालच्या ओळीत तेच गाणे दिसले. थोड्या वेळाने त्याचा संदेश आला: 'पाच वेळा ऐकलं. सारंगी नाही रे ती, व्हायोलिन आहे. हेडफोन लावून पुन्हा ऐक.' मी हेडफोन लावले.