रीटा फारियाचा करार

(महिला मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमात सौंदर्यस्पर्धा घ्यायची की नाही, यावरून गेल्या बैठकीत चांगलीच जुंपली. तरुण मुली म्हणाल्या, घ्यायचीच. काही काकवांनी नाकं मुरडली. मग अध्यक्षांनी सुटका करून घेतली, ‘ताई, मेळाव्यात तुम्हीच बोला.’ तर बोलते. आणि याच लंडनमधलं बोलते.

स्ट्रँड रस्त्याला लागून लायसियम थिएटर आहे. 17 नोव्हेंबर 1966 ला तिथे मिस वर्ल्डची अंतिम फेरी झाली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची एक विद्यार्थिनी आली होती, रीटा फारिया. आईवडील गोव्याचे. ‘ईव्हज वीकली’ या भारतीय स्त्री-साप्ताहिकाची स्पर्धा जिंकून आलेली, आणि सोबतचे कपडे बरेचसे उसने आणलेले. ती मिस वर्ल्ड झाली. हा किताब मिळवणारी पहिली आशियाई स्त्री.

इथवरची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पुढचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. मुकुट डोक्यावर आला की विजेती वर्षभर संयोजकांच्या कराराने बांधली जाते. कुठे जायचं, कोणाशेजारी उभं राहायचं, हे तिच्या हातात उरत नाही. त्याच डिसेंबरात रीटाला अमेरिकी विनोदवीर बॉब होपच्या ताफ्यासोबत व्हिएतनामला जावं लागलं, लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांचं मनोरंजन करायला. इकडे भारतात टीकेची झोड उठली. व्हिएतनाममधल्या युद्धबंदीवर देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचं अध्यक्षपद तेव्हा आपल्याच देशाकडे होतं, त्यामुळे सरकारचीही पंचाईत. बोलणी खाल्ली ती त्या मुलीने.

वर्ष सरलं तशी ती या साऱ्यातून बाहेर पडली. सिनेमा नको, मॉडेलिंग नको. इथल्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकली आणि पुढे डब्लिनमध्ये डॉक्टरकी केली. मला तिचं कौतुक वाटतं ते या निर्णयाचं. मुकुट काय, परीक्षकांनी दिला.

आता 1970 ची मिस वर्ल्ड. ठिकाण रॉयल अल्बर्ट हॉल, सूत्रसंचालक पुन्हा तेच बॉब होप! स्त्रीमुक्तीवाल्या बायका तिकिटं काढून आत बसल्या होत्या. होपचे विनोद सुरू झाले आणि पिठाच्या पुड्या उडाल्या, खुळखुळे वाजले. बायकांची गुरांच्या बाजारासारखी पारख चालते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण त्याच मंचावर दक्षिण आफ्रिकेच्या दोन मुली होत्या. गोऱ्या मुलीच्या पट्ट्यावर देशाचं नाव, आणि पर्ल जॅन्सनच्या पट्ट्यावर ‘आफ्रिका साउथ’, कारण ती गोरी नव्हती. पर्ल दुसरी आली. पहिली आली ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरची जेनिफर होस्टन, मिस वर्ल्ड झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. या दोघींना तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार, की बायांनो, उतरा खाली?

परीक्षकांत ग्रेनाडाचे तेव्हाचे सरकारप्रमुख (प्रीमियर) एरिक गेरी होते, त्यामुळे होस्टनच्या विजयावर शंका घेतली गेली. परीक्षक नेमले संयोजकांनी, संशय आला तिच्या वाट्याला. आणि त्या नाताळात तीही निघाली बॉब होपबरोबर व्हिएतनामला! पुढे ही होस्टन कॅनडात ग्रेनाडाची उच्चायुक्त झाली, तेही सांगून ठेवते.

स्विमसूटची फेरी मिस वर्ल्डने 2014 मध्ये बंद केली. चांगलं केलं, पण माझ्या मते ते वरवरचं. करार कसा असतो, हा प्रश्न तसाच राहतो.

तेव्हा काकवांनो, स्पर्धेला माझा विरोध नाही. नऊवारी नेसून मुलींना मिरवायचं असेल तर मिरवू द्या. समितीला मात्र माझ्या दोन अटी आहेत. मुलींचे फोटो कुठे छापणार, प्रायोजकांच्या जाहिरातीत वापरणार का, विजेतीने वर्षभर कोणकोणत्या कार्यक्रमांना यायचं, हे सगळं नाव नोंदवतानाच मराठीत लेखी द्या. आणि मध्येच नको वाटलं तर तिला कारण न सांगता बाहेर पडता यायला हवं. खजिनदारांनी मान हलवलीय, इतिवृत्तात नोंद करून घ्या.